नुसतं 'चालतंय' म्हणून सही करू नका

"आवाज येतोय ना? मग झालं की!" साउंड ड्रायव्हरच्या पॅचवर असा शेरा मारून मोकळे होणारे बरेच भेटतात. शनिवार-रविवारी हौसेने असे पॅच वाचणारा मी, मला हे अजिबात पटत नाही.

का ते सांगतो. लिनक्समध्ये आवाजाचं खातं आल्साकडे आहे (२००३ च्या २.६ कर्नेलपासून). त्यात बफर छोट्या तुकड्यांत वाटलेला असतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि तुकडा १,०२४ सॅम्पलचा धरला, तर साधारण दर २१ मिलिसेकंदांनी कार्ड हाक मारतं, 'एवढं वाजवून झालं, पुढचं द्या'. आवाज सुरू-बंद करणारं ट्रिगर नावाचं फंक्शन सहसा लॉक धरलेला असतानाच चालतं. तिथे झोपायला सक्त मनाई! आता समजा कोणी नेमकी तिथेच, जीएफपी_कर्नेल लावून, मेमरी मागितली. मेमरी मोकळी असेल तर लगेच मिळते, गाणं वाजतं, सगळे खूश. ज्या दिवशी मेमरी तंग, त्या दिवशी मशीन अडकू शकतं. डिबगचे पर्याय बंद असतील तर लिहिणाऱ्याच्या टेबलावर हे कदाचित कधीच दिसणार नाही. दिसेल ते वाचणाऱ्यालाच.

तीच गोष्ट प्रोबची. क्लॉक चालू केला, इंटरप्ट नोंदवला आणि तिसऱ्या पायरीवर गाडी अडली, तर आधीचा पसारा कोण आवरणार?

आणि नुकसान नुसत्या खरखरीचं नसतं बरं का. अ‍ॅपलच्या एम१ आणि नंतरच्या लॅपटॉपवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने स्पीकर बराच काळ मुद्दाम बंद ठेवले होते. सॉफ्टवेअरने आवर घातला नाही तर कॉइल तापून स्पीकर कायमचा जळू शकतो, म्हणून. तापमानाचा अंदाज घेऊन आवाज उतरवणारा प्रोग्राम तयार झाल्यावरच, २०२३ च्या अखेरीपासून, टप्प्याटप्प्याने ते चालू झाले.

'पण माझ्याकडे ते कार्डच नाही, मी काय तपासणार?' अहो, कर्नेलमध्ये टेस्टेड-बाय आणि रिव्ह्यूड-बाय अशा दोन वेगळ्या सह्या उगाच नाहीत. पहिलीला हार्डवेअर लागतं. दुसरीला डोळे आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

कुणी म्हणेल, तपासणारे मूठभर, पॅच ढीगभर, त्यात फार चिरफाड केली तर नवी मुलं पळून जातील. पहिलं खरंय. पण मुलं पळतात ती टॅब आणि स्पेसवरून झापल्यावर, असं माझं मत. ते काम चेकपॅच नावाच्या स्क्रिप्टला करू द्या. तुम्ही फक्त 'इथे लॉक धरलेला आहे का?' एवढं नीट विचारा. सगळं वाचलं नसेल तर 'एवढाच भाग वाचला' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

न वाचता ठोकलेल्या सहीच्या भरवशावर तो कोड शेवटी अशा माणसाच्या लॅपटॉपवर जातो, ज्याला आपण कोण हेही ठाऊक नसतं.