अंथरूण पाहून ट्रेलर

अमेरिकेतला भाचा किंवा लेक-जावई गाडीमागे जोडायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेण्याच्या विचारात असले, की बोलणे बहुधा आतल्या सोयींवर येते: पलंग केवढा, शेगडी किती बर्नरची, संडास आहे की नाही. ही सुरुवातच उलटी आहे. दारात उभी असलेली गाडी किती ओझे ओढू शकते, हे आधी विचारायला हवे. ट्रेलरसाठी गाडीच बदलावी लागत असेल, तर मोजक्या सामानात हिंडू पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो ट्रेलर मोठाच म्हणायचा, मग तो दिसायला कितीही इवलासा असो.

खरी मेख आहे ती वजनाच्या आकड्यात. जाहिरातीत ठळक छापतात ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. मिनेसोटातल्या बॅकस गावी बनणारा 13 फुटी स्कॅम्प हा या वर्गातला जुना, नावाजलेला ट्रेलर. सोयींनुसार त्याचे वजन साधारण 1200 ते 1500 पौंड, म्हणजे 545 ते 680 किलो भरते. 2019 मध्ये आलेल्या पिढीतल्या साध्या पेट्रोल टोयोटा रॅव्ह-4 ची ओढण्याची मर्यादा 1500 पौंड. कागदावर जोडी जमली. आता त्या ट्रेलरच्या टाकीत 45 लिटर पाणी भरा, ते 45 किलो झाले. 20 पौंडी गॅस सिलिंडर भरल्यावर 17 किलोंच्या आसपास जातो, बॅटरी विसाच्या पुढे. मग गाद्या-पांघरुणे, भांडी, किराणा, घडीच्या खुर्च्या. दीडशे किलो कधी चढले ते कळतही नाही, आणि गाडी मर्यादेच्या पार गेलेली असते. म्हणून पाहायचा तो आकडा ट्रेलरच्या पट्टीवर कोरलेल्या कमाल भरलेल्या वजनाचा. तो गाडीच्या मर्यादेच्या आत, तेही थोडी जागा राखून बसला पाहिजे. घाटरस्त्याचा चढ आणि समोरचा वारा जाहिरातीत धरलेले नसतात.

वजन किती, याइतकेच ते कुठे आहे यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतला सर्वसाधारण संकेत असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार जोडणीच्या टोकावर यावा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. थेंबाच्या आकाराच्या टीयरड्रॉप ट्रेलरचे स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली असते. डाळ-तांदळाचे डबे, बर्फपेटी, पाण्याचे कॅन असे सगळे जड सामान तिथेच कोंबले जाते आणि पुढचा भार उचलला जातो. जड जिन्नस चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवणे हा उपाय, आणि टोकावरचा भार एवढ्या लहान ट्रेलरच्या बाबतीत घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. हा भार गाडीच्या पाठीवर पडतो, तेव्हा तो माणसे आणि डिकीतले सामान यांच्या वजनातच धरायचा असतो. हे भलेभले विसरतात.

यावर कुणी म्हणेल, एवढी कसरत कशाला, तंबू काय वाईट? वर्षातून दोनदा उन्हाळ्यात जाणाऱ्याने खरोखर तंबूच घ्यावा. पण यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी अस्वलांच्या वावरामुळे तंबूला परवानगीच नाही, भक्कम भिंतींचे वाहन लागते. मग मोटरहोमच का नको? तर ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर 21 फुटांहून लांब वाहनाला मज्जाव आहे. मोठ्या मोटरहोमवाल्याला ते मुक्कामी ठेवून बस शोधावी लागते. ट्रेलरवाला मुक्कामी ट्रेलर सोडतो आणि आपली गाडी घेऊन वर जातो.

किमतीचा आक्षेप जास्त वजनदार आहे. तेवढ्याच पैशांत लाकडी सांगाड्याचा लांबरुंद ट्रेलर मिळतो, हे खोटे नाही. फायबरग्लासच्या छोट्या ट्रेलरची घडण मात्र वेगळी: साच्यातून काढलेली दोन कवचे एकमेकांना जोडायची, की झाले. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जन्मलेल्या बोलर या ट्रेलरने ही रीत रुळवली. सांधे कमी, म्हणून पाणी मुरायच्या जागा कमी, आणि कुजायला लाकूडही थोडे. सत्तरच्या दशकातले बोलर अजून रस्त्यावर दिसतात, ते उगाच नाही. मोठी गाडीच घेऊन टाकू, हा सल्लाही महागात पडतो. ट्रेलर वर्षातले थोडेच दिवस ओढायचा असतो, पण त्या गाडीचे पेट्रोल आणि विमा बारा महिने भरावे लागतात.

एक आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. अशा ट्रेलरमध्ये दोघे नीट झोपतात, मुलांसाठी बाजूला तंबू ठोकता येतो. पण भारतातून आलेल्या आजी-आजोबांना गुडघे दुखत असताना टीयरड्रॉपच्या दारातून रांगायला लावू नये. त्यासाठी मोठा ट्रेलर घेण्याचेही कारण नाही. त्या आठ दिवसांपुरती केबिन भाड्याने घ्यावी.