मग्दालीया मरीयेला न्याय

ईस्टरच्या सणाशी निकटचा संबंध असूनही शतकानुशतके बदनाम राहिलेल्या एका स्त्रीचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. ती स्त्री म्हणजे मग्दालीया मरीया. येशूच्या चरणी शरण आलेली पतिता, अशीच तिची ओळख जगभर रूढ झाली. चित्रकारांनीही तिला मोकळ्या केसांची, अश्रू ढाळणारी पश्चात्तापदग्धा म्हणून रंगविले.

वस्तुतः चारही शुभवर्तमानांत तिच्या चारित्र्याविषयी एकही वावगा शब्द नाही. तिच्यातून सात भुते निघाली आणि त्यानंतर ती अन्य स्त्रियांसह आपल्या द्रव्याने येशूची व शिष्यांची सेवा करू लागली, असे लूक सांगतो. भूतबाधा ही पीडा होय, पाप नव्हे. येशूला क्रूसावर चढविले तेव्हा बहुतेक शिष्य पांगले होते. ती मात्र तेथे होती. योहानाच्या वृत्तान्तानुसार पुनरुत्थित येशूचे प्रथम दर्शन तिलाच घडले आणि ती वार्ता शिष्यांना कळविण्याची आज्ञाही तिलाच झाली.

मग हा कलंक आला कोठून? लूकच्या ७ व्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजविणारी एक पापी स्त्री येते. तिचे नाव तेथे दिलेले नाही. मरीयेचा उल्लेख येतो तो पुढील अध्यायात. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या दोघींना, तसेच बेथानीच्या मरीयेला, एकच व्यक्ती ठरविले आणि सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण असा अर्थ लावला. पौर्वात्य चर्चने हे ऐक्य मानले नाही. पश्चिमेत मात्र ते दृढमूल झाले.

पतितेचा उद्धार ही थोर गोष्ट आहे, मग यात बिघडले काय, असे कोणी विचारील. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेला संतांच्या मांदियाळीत बसविणाऱ्या आपल्या परंपरेला उद्धाराची महती सांगावयास नको. परंतु न केलेले पाप कोणाच्या माथी मारणे हा उद्धार नव्हे. आणि अशा समजुतीचे परिणाम जित्याजागत्या माणसांना भोगावे लागतात. आयर्लंडमध्ये ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना कोंडून त्यांच्याकडून विनावेतन कपडे धुवून घेणारी धुलाईघरे मग्दालीयेच्याच नावाने ओळखली जात. त्यांतील शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. त्याबद्दल शासनाने २०१३ मध्ये क्षमा मागितली.

रोमन चर्चने १९६९ च्या पंचांगसुधारणेत मरीयेला त्या अनाम स्त्रीपासून वेगळे केले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांची प्रतिष्ठा मिळाली. सुमारे चौदाशे वर्षांची चूक परंपरेने स्वतःच दुरुस्त केली, ही गोष्ट आम्हांस आदरणीय वाटते. मूळ ग्रंथ पुन्हा उघडून पाहिल्याने श्रद्धेस बाध येत नाही. उलट ती निर्मळ होते. एखाद्या स्त्रीविषयीची ऐकीव गोष्ट घरात पुढच्या पिढीस सांगण्यापूर्वी, ती मुळात आहे काय, एवढे पाहण्याचे भान आपणही बाळगावे.