ओथ सेरेमनीला काय घालायचं, आणि त्याहून महत्त्वाचं काही

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी हा प्रश्न येतो. 'पुढच्या आठवड्यात ओथ सेरेमनी आहे, काय घालू?' उत्तरं ठरलेली. एक म्हणतो, सूट घाल. दुसरी म्हणते, साडी नको, उगाच उठून दिसतं. मग कुणीतरी शहाणपणाने विषय संपवतं, 'एवढं काय त्यात, एक कागद तर घ्यायचाय!'

हे सगळे सल्ले चुकीचे आहेत. शेवटचा तर सगळ्यात जास्त.

आधी कपडे. तिथल्या इमिग्रेशन खात्याचं सांगणं एवढंच आहे की कार्यक्रमाचा मान राखणारे कपडे घाला. जीन्स, शॉर्ट्स, फ्लिप-फ्लॉप नकोत. सूटची सक्ती नाही. पैठणी चालते, कुर्ता चालतो. उठून दिसायचं नाही, ही अट आपणच स्वतःला घातलेली आहे.

त्यांच्यासारखं दिसलं की ते आपल्याला आपलं म्हणतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी भगतसिंग थिंड यांची गोष्ट वाचावी. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी लष्करी गणवेशात नागरिकत्वाचा दाखला घेतला. चार दिवसांत तो रद्द झाला. त्यांनी पुन्हा मिळवला, तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२३ मध्ये निकाल आला की कायद्याच्या अर्थाने हा माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. सैन्याच्या गणवेशापेक्षा जास्त अमेरिकन कपडे कुठले असतात? भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ मध्ये, कायदा बदलला तेव्हा. तेव्हा टायची गाठ नीट बसली का, याची चिंता सोडा.

आता तो 'कागद'.

नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, अशा टांगत्या तलवारीखाली ज्यांनी वर्षं काढली, त्यांना नागरिकत्व हवंसं वाटणं अगदी रास्त आहे. त्यांना 'देश विकला' म्हणणारे भारतातले नातेवाईक मला अजिबात पटत नाहीत. पण म्हणून तो नुसता कागद होत नाही.

त्या दिवशी काय होतं ते पाहा. मुलाखतीनंतर परदेशी गेलात का, अटक झाली का, असे प्रश्न असलेला फॉर्म भरून न्यायचा असतो. ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं. मग उजवा हात वर करून तुम्ही म्हणता, की दुसऱ्या कुठल्याही राष्ट्रावरची निष्ठा मी सोडतो, आणि कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्रही हाती घेईन. टाळ्या वाजतात, दाखला मिळतो. (नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा.)

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, जिला कुणी टाळ्या वाजवत नाही. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तुमचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट पुढे वापरणं गुन्हा ठरतो. तो जमा करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळतं, पण नाव काहीही असलं तरी ते नागरिकत्व नाही. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

एवढं सगळं दोन मिनिटांत बदलतं, आणि आपण चर्चा करतो ब्लेझरच्या रंगाची.

याचा तोटा पुढे दिसतो. बऱ्याच समारंभांत तिथल्या तिथे मतदार नोंदणीचा अर्ज मिळतो. 'कागद' म्हणणारे तो पर्समध्ये घडी करून ठेवतात आणि विसरतात. मग मुंबईच्या निवडणुकीवर ग्रुपमध्ये रात्रभर भांडतात, जिथे त्यांना मत उरलेलं नाही. स्वतःच्या गावच्या स्कूल बोर्डाची निवडणूक कधी झाली हे मात्र त्यांना माहीत नसतं, जिथे ते आहे. अशी माणसं दोन्ही देशांत पाहुणीच राहतात.

म्हणून समारंभाला आईची पैठणी नेसून जा किंवा इस्त्रीचा शर्ट घालून जा. पण आदल्या रात्री शपथ एकदा नीट वाचा, मराठीत अर्थ लावून वाचा. म्हणवत नसेल तर थांबा, त्यात कमीपणा नाही. म्हणणार असाल, तर घरी परतायच्या आधी तो मतदार नोंदणीचा अर्ज भरा.