सही करण्याआधी रस्त्याकडे बघा

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांमधल्या सभासदांनो, हे तुमच्यासाठी आहे. बिल्डरचा नकाशा सभेत येईल तेव्हा तुम्ही आधी कार्पेट एरिया बघाल. जरूर बघा. मग तळमजल्यावर बोट ठेवा आणि विचारा, इथून रस्ता कोणाला दिसणार?

बहुतेक वेळा उत्तर येतं, कुणालाच नाही. चाळीच्या गॅलरीतून कुणी ना कुणी खाली बघत असायचं. आता खालचे तीन-चार मजले पार्किंगचे आणि पुढे आठ फुटी भिंत. समोरच्या सोसायटीचीही तशीच. या दोन भिंतींमधून रात्री साडेनऊला तुमची मुलगी क्लासहून येणार आहे. तिनं हाक मारली तर ऐकणार कोण? पाचव्या मजल्यावर एसी चालू, काचा बंद.

शक्ती मिल आठवा. ऑगस्ट २०१३. महालक्ष्मी स्टेशन जवळच, चहूबाजूंनी गजबजलेली मुंबई. पण बंद गिरणीच्या आवारात रान माजलेलं, भिंती पडक्या. कामासाठी गेलेल्या तरुण छायाचित्रकार मुलीवर तिथं सामूहिक बलात्कार झाला. दोष नराधमांचाच. आडोसा मात्र शहरानं पुरवला होता. तसे नवे आडोसे तुमच्या सहीनं उभे राहू देऊ नका.

रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे मागा. भिंत कमरेएवढी ठेवा, वर ग्रिल लावा. दिवा झाडाच्या फांद्यांखाली घ्यायला लावा. पानांवर उजेड पाडून काय उपयोग? सीसीटीव्ही हवाच, पण तो झालेलं दाखवतो, धावून येत नाही. धावून येतात माणसं. रस्त्यावरच्या नजराच पहारा देतात, असं शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली न्यूयॉर्कच्या गल्ल्या बघून लिहिलं. आपला इस्त्रीवाला ते न वाचताच करतो. कोण कुठल्या विंगचा, कोण तासभर उगाच घुटमळतोय, त्याला बरोबर ठाऊक असतं. आणि नवी इमारत झाली की आपण पहिलं हाकलतो त्यालाच! त्याची जागा नकाशातच मागून घ्या.

आणि हे आत्ताच करा. नकाशा मंजूर झाला, प्लिंथ उठली, की कुणी ऐकत नाही. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, म्हणजे आज बिल्डरला तुमची गरज आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. सूचक म्हणून स्वतःचं नाव द्या, शेजारच्या काकूंना अनुमोदन द्यायला सांगा आणि सेक्रेटरींनी तो इतिवृत्तात लिहिलाय ना, हे बघूनच उठा.