माजरीला गाड्या भेटतात, पॅकेट मात्र मुंबईला

मी भद्रावतीत राहतो. समोरच्या घरात माझा मित्र, मध्ये एक अरुंद गल्ली. त्याच्याकडे एका कंपनीचं फायबर, माझ्याकडे दुसरीचं. परवा रात्री आम्ही एक रिकामा उद्योग केला. माझ्या लॅपटॉपवरून त्याच्या कनेक्शनपर्यंत ट्रेसरूट चालवला. पॅकेट नागपूर मागे टाकून थेट मुंबईला गेलं, तिथे त्याच्या कंपनीच्या हाती लागलं आणि तेवढंच अंतर कापून गल्लीच्या पलीकडे पोचलं. मी खिडकीतून हाक मारली असती तर आधी पोचली असती, हा अर्थात विनोद. पण ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला विचारा, त्याला हसू येणार नाही.

आपल्या तालुक्यात माजरी जंक्शन आहे. वर्धा-बल्लारशा लाईनवरून वणीकडे जाणारा फाटा तिथे निघतो. वणीच्या माणसाला कोणी "आधी मुंबईला जा, मग भद्रावतीला ये" असं म्हणत नाही. इंटरनेटला मात्र आपण हे गेली वीसेक वर्षं खुशाल म्हणत आलो. लोकांना वाटतं ही तांत्रिक अडचण आहे. मला ती सभासदत्वाची अडचण वाटते: जंक्शनवर कोणाला उभं राहू द्यायचं, आणि पैसे कोणी भरायचे.

व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. परवान्यांचे तीन वर्ग होते: अ म्हणजे सगळा देश, ब म्हणजे एक दूरसंचार सर्कल, क म्हणजे एखाद्या जिल्ह्याएवढं क्षेत्र. कागदावर छान. पण या कंपन्या एकमेकींना देशात भेटतच नव्हत्या. देशातला डेटा परदेशात फिरून देशात यायचा, आणि त्या फेरीचं बिल डॉलरमध्ये. म्हणून २००३ मध्ये निक्सी हे एक्स्चेंज निघालं.

इथवर टाळ्या. पुढे नियम वाचा. सुरुवातीला दार फक्त परवानाधारक आयएसपींसाठी उघडं होतं. ज्यांच्याकडचा मजकूर आपण सगळे बघतो, त्या कंपन्यांना थेट प्रवेश नव्हता. आणि हिशोब असा होता, की जो जास्त डेटा ओढेल त्यानं फरकाचे पैसे भरायचे. आता सांगा, गावाकडचा छोटा आयएसपी काय करतो? ओढतोच. त्याची गिऱ्हाइकं व्हिडिओ बघतात, व्हिडिओ पाठवणारी यंत्रं मोठ्या शहरांत. म्हणजे जंक्शनवर येण्याचा दंड नेमका त्याला.

मोठ्या कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. देशभर खंदक खोदून केबल त्यांनी टाकली, मग फुकटात दुसऱ्याचा माल का वाहायचा? पण एक्स्चेंजवर कोणी कोणाचा माल देशभर वाहत नाही हो. तिथे फक्त माझ्या गिऱ्हाइकानं तुमच्या गिऱ्हाइकाकडे मागितलेली गोष्ट हातात दिली जाते. दोघांनीही आपापलं महिन्याचं बिल आधीच भरलेलं असतं. "मागणारा भरेल" हे तिसरं बिल.

हा वाद आपण शोधला नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट यांनी सीआयएक्स काढलं. १०,००० डॉलर फी, आपसात डेटाचा हिशोब नाही. किती साधं! पुढे तिथेही छोट्या पुनर्विक्रेत्यांनी सभासद व्हावं, नाहीतर त्यांचे मार्ग गाळू, असा वाद पेटलाच. लंडनच्या लिंक्सनं १९९४ पासून पारंपरिक आयएसपींनाच घेतलं, आणि २००० मध्ये ती अट सैल केली. पुढे बीबीसीही तिथे आली. भिंत पाडल्यानं लिंक्स बुडालं नाही, वाढलं.

आपल्याकडे ट्रायनं एक्स्चेंजसाठी वेगळ्या, सोप्या परवान्याची शिफारस केली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. निक्सीनंतर १९ वर्षांनी.

माझी मागणी मोठी नाही. स्वतःचा एएस क्रमांक असेल त्या कोणालाही, मग ते कॉलेज असो की बँक की केबलवाला, पोर्टचं ठरलेलं भाडं घेऊन आत घ्या. किती ओढलं, किती ढकललं, मोजू नका. आणि जिल्ह्याच्या गावी एक पेटी ठेवा. खर्चाचं सांगू नका. एक स्विच, एसी, बॅटरी आणि कुलूप लागणारी खोली, एवढ्यावर सुरुवात होते. लंडनचं लिंक्सही एका साध्या उपकरणावरच सुरू झालं होतं. चंद्रपूरला थर्मल पॉवर स्टेशन आहे, अर्ध्या महाराष्ट्राला वीज देतो म्हणून आपण छाती फुगवतो, आणि आपल्याच दोन केबली जोडायला मुंबईचं तोंड बघतो!

आमचा केबलवाला दादा मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेऊन गल्लोगल्ली वाटतो. पाऊस पडला की शिडी घेऊन तोच खांबावर चढतो, कंपनी नाही. त्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा सांगितला.

"जागा आहे ना माझ्या दुकानाच्या वर," तो म्हणाला. "इन्व्हर्टर बी आहे. पण त्या दोन कंपन्यांना एका खोलीत आणणार कोण, तू का मी?"