उखाणा आणि रसमची बादली

स्वतःच्या लग्नात नवरी उपाशीच राहते, असं आमच्याकडच्या बायका सांगतात. माझ्या लग्नात मी पोटभर जेवले, आणि काय काय जेवले ते आजही पानावरच्या जागेसकट सांगू शकते.

लग्न झालं कुंभकोणमला. सासर तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर तिकडे रुजलेल्या घरांपैकी एक. राज्य 1855 साली इंग्रजांनी खालसा केलं, मराठी मात्र स्वयंपाकघरात टिकली. आमच्या पुण्याच्या वऱ्हाडाला या इतिहासाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना धास्ती इडल्यांची. पहिल्याच सकाळी इडल्या आल्या, पण सोबत कडप्पा होता: मूगडाळ-बटाट्याचा, खोबरं-बडीशेपेचं वाटण लावलेला दाटसर रस्सा. तो संपेपर्यंत कोणी तक्रार केली नाही. आणि कॉफी! पितळी पेला-डवऱ्यात, फेसाळ, चिकोरीच्या किंचित कडवट चवीची. जन्मभर चहा पिणारी माझी आत्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे कॉफीवाल्याला शोधत फिरत होती.

मुहूर्ताचं जेवण केळीच्या पानावर. शेंडा डावीकडे, हे दोन्हीकडचं सारखं. पण आमच्याकडे मीठ-लिंबानंतर चटणी-कोशिंबीर येते, इथे आधी पायसमचा थेंब. मग कोसुमल्ली, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, आणि तिच्याशेजारी पांढरट, फोडणी दिलेलं काहीतरी. मामांनी चाखलं आणि हात थांबवला. "अगं, हे डांगर!" भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. साताऱ्याला आजी करायची ते. आमच्या पुण्याच्या लग्नांतून ते कधीच हद्दपार झालं, तिथे पनीर आलं. आणि कावेरीकाठच्या या मांडवात ते डांगर पचडी म्हणून मानाच्या जागी बसलेलं.

मग मामांना अवसान चढलं. सांबार वाढलं जाताच व्याह्यांनी तंजावरची आवडती दंतकथा काढली: संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं नव्हती, म्हणून आमटीत चिंच घातली, आणि झालं सांबार. संभाजीराजे तंजावरी जेवल्याचा पुरावा मला तरी कुठे दिसलेला नाही. पण तंजावरच्या राजवाड्यात स्वयंपाकाला मान होता, हे खरं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ 'शरभेंद्र पाकशास्त्र' या ग्रंथात आहेत आणि तो सरस्वती महाल ग्रंथालयाने जपलाय. त्यामुळे कथा खोटी असली तरी व्याह्यांच्या तोंडी शोभत होती. मामांनी मात्र "म्हणजे सांबार आमचंच" एवढाच निष्कर्ष काढला.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "नाव घे गं, मगच घास दे." मी उखाणा पाठ करून आले होते. पहिली ओळ निघते तोच वाढपी बादली घेऊन हजर. "रसम? रसम?" तिथे पंगत थांबत नसते, मागची पंगत दाराशी उभी असते. नवऱ्याने भाताचं आळं केलं, रसम ओतलं गेलं, आणि माझं यमक भाताच्या वाफेत विरलं. घास तेवढा दिला, पोळीचा. वर तूप. आपल्या पुरणपोळीची ही बहीण, आत ओलं खोबरं. ती मी तीनदा मागून घेतली, नवरीसारखं लाजायचं विसरून.

शेवटी कुंभकोणमची कोवळी, तिखट न लागणारी विड्याची पानं. आत्याने तीही पिशवीभर बांधून घेतली.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणत्याही लग्नाहून आले की ते पदार्थांची कुंभकोणमशी तुलना करतात आणि सगळ्यांना नापास करतात. पण माझ्या लग्नाचा विषय निघाला की न चुकता म्हणतात, "जेवण उत्तम होतं, पण मठ्ठा नव्हता." दोन पेले नीरमोर प्यायले होते, आलं-कढीपत्ता घातलेलं. ते ताक होतं, म्हणतात, मठ्ठा नव्हे.