धावपट्टीआधीचे मैदान

१/ भारतीय नागरी विमानवाहतुकीची कथा बहुधा १५ ऑक्टोबर १९३२ या तारखेपासून सांगितली जाते. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. या कथेत वैमानिक आहे, विमान आहे. ज्या जमिनीवर ते उतरले ती जमीन मात्र नाही. आपल्या इतिहासलेखनातील ही गंभीर उणीव आहे, असे मला वाटते.

२/ विमानतळ म्हटले की आज काँक्रीटची लांब पट्टी डोळ्यांसमोर येते. त्या काळी बहुतेक ठिकाणी विमानतळ म्हणजे गवताचे किंवा मातीचे मोकळे मैदान असे. ही केवळ काटकसर नव्हती. टाटांचे ‘पस मॉथ’ भरल्या वजनानिशीही हजार किलोंच्या आतले होते. अशा विमानाला टणक, सपाट जमीन पुरेशी होती.

३/ विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. आडवा वारा हलक्या विमानाला धोक्याचा. पट्टीची दिशा ठरलेली असते, मैदानाला मात्र सर्व दिशा मोकळ्या. गवताची मुळे माती धरून ठेवत, धूळ कमी उडे. अनेक विमानांच्या शेपटीखालचा टेकू जमिनीवर घासत जाई आणि वेग आवरला जाई. गवत हे त्या यंत्रणेचेच अंग होते.

४/ या यंत्रणेचा खरा नियंता होता पाऊस. जुहूचे मैदान समुद्रालगतचे, सखल. पावसाळ्यात तेथे चिखल होई, म्हणून टाटांची टपालसेवा त्या काळात पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवली जाई. हवाई मार्गाचे वेळापत्रकही मृगाच्या सरींपुढे नमत होते.

५/ जुहूहून पुढचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. हा मार्ग म्हणजे मैदानांची साखळी होती. अहमदाबादला तर विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. नव्या युगाचे इंधन जुन्या चाकांवरून येत होते.

६/ विमाने जड झाली आणि पक्क्या धावपट्ट्या अपरिहार्य ठरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची मुख्य प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहू लहान विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे राहिले.

७/ किल्ल्याला बुरूज असतो, वाड्याला दिंडीदरवाजा. मैदानाकडे दाखवायला काहीच नसते. त्याचे रितेपण हाच त्याचा पुरावा. म्हणूनच ते सर्वांत आधी नष्ट होते. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात स्टो मेरीज येथे पहिल्या महायुद्धातील विमानतळाच्या इमारती जपल्या आहेत आणि तेथील गवतावर आजही हलकी विमाने उतरतात.

८/ दाटीच्या शहरांत घरांना जागा नसताना मैदाने कशी राखायची, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक मैदान वाचवा, असे मी म्हणणार नाही. पण ते बुजण्यापूर्वी त्याची नोंद व्हायला हवी: जुने नकाशे, भूमी अभिलेख, वाऱ्याच्या दिशा, पाणी साचण्याच्या जागा आणि तेथे काम केलेल्यांच्या आठवणी. नोंद न करता बांधकाम करणे म्हणजे दप्तर न वाचताच जाळणे.

९/ १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. यांनी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून तेच उड्डाण पुन्हा केले. जुहूचे विमानतळ शिल्लक होते, म्हणून त्यांना तेथेच उतरता आले. जुने विमान दुरुस्त करता येते, नाहीतर संग्रहालयात ठेवता येते. बांधकामाखाली गेलेले मैदान परत मिळत नाही.

१०/ कऱ्हाड, धुळे, बारामती अशा गावांतही लहान विमानतळ आहेत. तुमच्या जवळच्या विमानतळाची जमीन पूर्वी कोणाची होती, ती का निवडली गेली, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. ही नोंद करायला पदवी लागत नाही.